फोटोत वास येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात दोन बाटल्यांचा फोटो आला होता. एकीत कुंकवासारखं लाल पाणी, दुसरीत इतकं नितळ की धरणाऱ्याच्या सदऱ्याच्या रेघा पलीकडून मोजाव्यात. खाली मजकूर असा की कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग विजेने काही मिनिटांत घालवणारं यंत्र आता कोकणातही येणार. तालुक्याच्या गावी ज्या सभागृहात ते प्रात्यक्षिक झालं, तिथे तिसऱ्या रांगेत मी बसलो होतो. फोटो खरा आहे, त्यात लबाडी काही नाही. पण फोटोत वास येत नाही, आणि मला जे लिहायचंय ते वासापासूनच सुरू होतं.

आधी मी कोण ते सांगतो. दाभोळ खाडीच्या काठी आमचं घर. १९७९ साली एसेस्सी नापास होऊन मुंबईला गेलो आणि मामाने गिरणगावातल्या एका गिरणीत बदली म्हणून चिकटवलं. गाववाले बहुतेक साळखात्यात, माझ्या वाट्याला रंगखातं आलं. जिगरवर कापड या रुळावरून त्या रुळावर फिरवायचं, मधल्या हौदात रंग, वर वाफ. नखं कायमची निळी. गणपतीला गावी आलो की आई आरतीचं तबक हातात देताना बोटांकडे बघायची आणि काही बोलायची नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यापुढचं गिरणगावातल्या कोणालाही विचारा. मी वर्षभर गावी नांगर धरला, मग मुंबईच्या उत्तरेला एका औद्योगिक वसाहतीत प्रोसेस हाऊसमध्ये लागलो. आधी रंगावर होतो आणि शेवटची अकरा वर्षं ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायच्या प्लँटवर. जन्मभर पाणी रंगवलं आणि उतारवयात तेच पाणी धूत बसलो. आता निवृत्त होऊन गावी आहे. भोईवाडीतली पोरं मला रंगारी आजोबा म्हणतात.

तर प्रात्यक्षिक. काचेच्या हंडीत पाचेक लिटर लाल पाणी. विक्रेता तरुण, चुणचुणीत, बोलायला गोड. त्याने हंडीत दोन पत्रे सोडले, पत्र्यांना वायरी, वायरी एका डब्याला. बटण दाबायच्या आधी पुडीतून मूठभर मीठ काढून पाण्यात टाकलं आणि म्हणाला, करंट नीट वाहावा म्हणून. बरोबरच आहे, पाण्यात क्षार नसेल तर करंट अडखळतो. बटण दाबलं. पत्र्यांच्या कडेने सोड्याच्या बाटलीत येतात तसे बारीक बुडबुडे निघाले. लाल पाणी आधी केशरी झालं, मग लिंबाच्या सरबतासारखं पिवळट, मग रंगच नाही. सात-आठ मिनिटांचा खेळ. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझ्या नाकाला ओळखीचा वास आला, गिरणीतल्या ब्लीच खात्याचा. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल टाकतो तेव्हा येतो तोच.

मी उठून हंडीचा तळ बघितला. गाळ नावाला नाही. पत्रे करडे-काळे, झिजल्याची खूण नाही. तेव्हाच कळलं की पाणी कोणत्या वाटेने नितळ झालं.

विजेने रंग काढायच्या दोन वाटा आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बातमीत दोन्हींचा एकच घोटाळा झालाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वाटेत पत्रा लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तो झिजण्यासाठीच असतो. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की आपण तुरटी फिरवतो. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा पाण्यात कापसासारखा पुंजका होतो आणि तो माती धरून खाली बसतो. इथे तुरटी विकत आणायची नाही. करंट गेला की धन पत्रा विरघळून पाण्यात उतरतो, त्याचे पुंजके होतात आणि रंग त्यांना चिकटतो. ऋण पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, ते काही पुंजके वर उचलतात आणि हौदावर जाड मळी जमते. ताक घुसळताना लोणी वर येतं तसं दिसतं, फक्त हे लोणी काळंनिळं. या वाटेत रंग पाण्यातून निघून गाळात जातो, नाहीसा होत नाही.

दुसऱ्या वाटेत पत्रा झिजत नाही. टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप असतो. पाण्यात मीठ असेल तर अशा पत्र्यावर मिठातला क्लोरीन सुटतो आणि पाण्यातच ब्लीचचं द्रावण तयार होतं. आपले निम्म्याहून जास्त कापडरंग अ‍ॅझो जातीचे आहेत, म्हणजे नायट्रोजनचे दोन अणू मधे गाठीसारखे बांधलेले, आणि डोळ्याला दिसणारा रंग मुख्यतः त्या गाठीमुळे. क्लोरीन ती गाठ तोडतो आणि रंग क्षणात जातो. पण दोरी मधे कापली म्हणून दोन्हीकडचे तुकडे कुठे जातात? ते पाण्यातच राहतात, वर त्यांतल्या काहींना क्लोरीन चिकटतो. असे क्लोरीन चिकटलेले पदार्थ मूळ रंगापेक्षाही वाईट निघू शकतात. तुकडेसुद्धा पार जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा तर त्यालाही पत्रे आहेत. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा पातळ थर दिलेले पत्रे ते काम चोख करतात. पण ते महाग, विजेला भुकेले, आणि मिठाच्या पाण्यात क्लोरीनचा त्रास त्यांनाही चुकत नाही.

हे शहाणपण माझं नाही. आमच्या कारखान्यात माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेला एक केमिस्ट होता. माझ्या मुलाच्या वयाचा, पण रात्रपाळीला चहाच्या कपात पेन्सिल बुडवून मला हे समजावत बसायचा. मी त्याला जिगरवरच्या चोऱ्या शिकवल्या, त्याने मला सीओडी शिकवला. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचा आकडा. रंग डोळ्याला दिसतो, सीओडी दिसत नाही. कापड कारखान्यांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये ठरवून दिलेल्या मर्यादेत रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट युनिट, सीओडीला लिटरमागे २५० मिलिग्रॅम आणि विरघळलेल्या क्षारांना २,१०० मिलिग्रॅम असे वेगवेगळे आकडे आहेत. एक पास म्हणजे बाकीचे पास असं नाही. बातमीत एकही आकडा नव्हता.

क्षारांचं जरा ऐका, कारण मीठ हा या धंद्यातला न दिसणारा गुन्हेगार आहे. १९५६ मध्ये रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आले, ते सुताशी रासायनिक गाठ मारतात. म्हणून आजचा सुती शर्ट धुतला तरी विटत नाही. पण रंगाला सुताकडे ढकलायला मीठ लागतं. गडद नेव्ही किंवा काळ्याला लिटरमागे ८० ग्रॅम घालणं नेहमीचं. शंभर किलो कापडाला आठशे लिटर पाणी धरा, म्हणजे ६४ किलो मीठ. त्यातलं कणभरही कापडाबरोबर जात नाही, सगळं गटारात. रंगही पूर्ण चढत नाही, शंभरातले दहापासून चाळीस भाग पाण्यातच राहतात. फिरोजी सगळ्यात द्वाड, चढायलाही नखरे आणि सांडपाण्यातून काढायलाही, शिवाय त्याच्या पोटात तांबं. यातला रंग वीज काढेल, मीठ काढणार नाही. तमिळनाडूत तिरुप्पूरला अशा खाऱ्या सांडपाण्याने नोय्यल नदीची काय दशा झाली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाचे कारखाने बंद करायला लावले ते आठवा. त्यानंतर पाणी आटवून मीठ परत मिळवायची यंत्रं तिथे बसली. आमच्याकडे एक गृहस्थ सभेत म्हणाले, खाडीच खारी, मिठाचं काय एवढं! खाडी खारी आहे, पण कारखान्यांच्या वसाहती वरच्या अंगाला आहेत आणि तिथे वाशिष्ठी नदी गोडी आहे.

आता मला लाज वाटते ते सांगतो. आमच्या कारखान्यात लोखंडी पत्र्यांचा विजेचा प्लँट बसवला होता. चालू असला की उत्तम चालायचा, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन. काळ्याकुट्ट पाण्याचं फिकट पिवळं पाणी होताना रोज बघितलंय. पत्र्यांवर खवला चढायचा, मग व्होल्टेज चढायचं. दर वीस मिनिटांनी धन-ऋण उलटे करायचे आणि आठवड्याला पत्रे काढून अ‍ॅसिडने धुवायचे. खोकला यायचा, पण काम व्हायचं. तक्रार प्लँटची नाही, रात्रीची आहे. रात्री साडेअकराच्या सुमाराला आतून फोन यायचा. एवढंच, ‘थंड करा.’ म्हणजे पत्र्यांना वीज देणारा रेक्टिफायर बंद, बायपासचा वॉल्व्ह उघडा, पाणी न धुता थेट नाल्यात. लॉगबुकात दर दोन तासांनी व्होल्ट आणि अँपिअर लिहायचे असत. सकाळी सहाला चहा पिता पिता मी रात्रीच्या सगळ्या ओळी एका बैठकीत लिहायचो. दोन पेनं ठेवली होती, शाई एकसारखी दिसू नये म्हणून. कोणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. नोकरी गेली असती हे खरं, पण ती दोन पेनं माझीच होती.

आमची ही रात्रपाळी पकडली ती रंगाने. तिथल्या नाल्याच्या मुखाशी कोळणी शिंपल्या काढायच्या. पहाटे ओहोटीला नाल्याचा रंग बघून त्या सांगायच्या, आज आत हिरवा चाललाय, आज जांभळा. एकदा एक म्हातारी निळ्या पाण्याची बाटली घेऊन गेटवर आली आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवून काही न बोलता निघून गेली. पुढचे आठ दिवस फोन आला नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला कासाडी नदीकाठची कुत्री निळी झाली आणि त्यांचे फोटो जगभर गेले. २०२० मध्ये डोंबिवलीत रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री बघायला आले. विषारी पाणी त्या ठिकाणांना काही नवं नव्हतं. नवा होता तो रंग. खाडीवरच्या माणसाकडे प्रयोगशाळा नसते, डोळे असतात. म्हणून नुसता रंग घालवणारं यंत्र आलं की माझ्या पोटात गोळा येतो. घाण राहील आणि साक्षीदार जाईल.

तरीही मी या यंत्राच्या विरोधात नाही. उलट झिजणाऱ्या पत्र्यांच्या प्लँटमध्ये एक गुण आहे जो तुरटीच्या प्लँटमध्ये नाही. त्याला खोटं बोलता येत नाही. एक अँपिअर करंट एक तास गेला की लोखंडाचा पत्रा १.०४ ग्रॅम झिजतो, अ‍ॅल्युमिनियमचा ०.३४ ग्रॅम. हा फॅरडेचा नियम आहे, मालक बदलला म्हणून बदलत नाही. रोज पाच लाख लिटर पाणी सोडणारा कारखाना धरा. हजार लिटरला ३०० ग्रॅम लोखंड लागतं असं समजा, म्हणजे २८८ अँपिअर-तास. पत्र्यांवर १० व्होल्ट धरले तर हजार लिटरला तीनच्या आत-बाहेर युनिट. पाच लाख लिटरला दिवसाला सुमारे १,५०० युनिट आणि १५० किलो लोखंड. महिन्याला ४५,००० युनिट आणि साडेचार टन पत्रा. आता जमाखर्चात पत्र्याची खरेदी एक टनाची निघाली, तर महिन्यातून आठवडाभरच प्लँट चालला हे शाळकरी पोरगंही सांगेल. दोन पेनांनी काय लिहिलंय ते बघायचीसुद्धा गरज नाही.

गाळाचंही तेच. १५० किलो लोखंडाचा नुसता कोरडा गाळ पावणेतीनशे किलोच्या वर होतो, रंग धरून आणखी. फिल्टर प्रेसमधून निघालेला ओला गाळ दिवसाला टनाच्या घरात जातो. घातक कचऱ्याच्या नियमांत त्याला ३५.३ असा क्रमांक आहे आणि तो ठरलेल्या जागी पाठवून पावती घ्यावी लागते. पावत्या कमी निघाल्या तर एक तर प्लँट बंद होता, नाही तर गाळ कुणाच्या तरी कातळावर पडलाय. सड्यावर रात्री ट्रक का चढतात हे कोकणात सांगावं लागत नाही.

म्हणून वसाहतीत असा कारखाना यायचा असेल, आणि तशी कुजबुज आहे, तर परवानगीच्या कागदातच तीन आकडे जनतेला खुले करण्याची अट घाला. रेक्टिफायरला स्वतंत्र वीजमीटर, त्याचा महिन्याचा आकडा. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या मीटरचा आकडा. पत्र्याची खरेदी आणि गाळाची पावती मी एकच धरतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. भागाकार आम्ही करू. आमच्या भागात वीज गेली की किती वाजता गेली हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं, त्यामुळे हिशेबाला साक्षीदार कमी पडणार नाहीत. लेपाच्या पत्र्यांचं यंत्र असेल तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिथे झिजत काहीच नाही. तिथे पाण्यात क्लोरीन किती उरला आणि सीओडी किती उतरला हेच विचारावं लागेल.

आणि एक परीक्षा अशी आहे जिला मीटर लागत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत ती कधीपासून लिहिलेली आहे. काहीही न मिसळलेल्या सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत पाहिजेत. आम्हा खाडीवाल्यांना कळणारी कायद्यातली ही एकच ओळ असेल. सभेत मी हात वर करून विक्रेत्याला तेच विचारलं, यात मासा सोडाल का? तो हसला, म्हणाला, काका, हे पिण्यासाठी नाही. सभागृहही हसलं. मी म्हटलं, मासाही पिण्यासाठी नसतो हो, तो राहण्यासाठी असतो. पण तोवर माईक पुढे गेला होता.

निघताना मी त्याच्याकडून नितळ पाण्याची बाटली मागून घेतली. त्याने आनंदाने दिली, वर कार्डही दिलं. बाटली पिशवीत उभी धरून एस्टीने घरी आलो. डासांसाठी आरोग्य खात्याने शाळेच्या टाकीत गप्पी सोडलेत, त्यातले दोन नातीने तांब्यात आणून दिले. पातेल्यात ते पाणी ओतून त्यात सोडले. दुसरे दोन तशाच पातेल्यात विहिरीच्या पाण्यात, तेवढंच मीठ घालून. मिठाच्या पाण्यातले दोघे अजून आहेत, नातीने नावंसुद्धा ठेवलीत. नितळ पाण्यातले दोघे आधी वर येऊन तोंड उघडत राहिले, मग तिरके झाले. सातच्या बातम्या लागायच्या आत संपलं. दोन गप्पी म्हणजे शास्त्र नव्हे हे मलाही कळतं. पातेलं आणि शास्त्र यांत फरक असतो, आणि क्लोरीन उडून गेल्यावर सकाळी कदाचित ते जगलेही असते. पण कारखान्याचा पाइप सकाळपर्यंत थांबत नाही.

शेजारचा भोई पाग सुकत घालत होता. त्याने पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, ‘अण्णा, पानी तर फस्क्लास दिसतंय.’ मग खाली बघितलं.

असंच प्रात्यक्षिक पुढे आणखी कुठे ठरलं, तर तारीख कृपया आपल्या अंकात आगाऊ द्यावी. गुहागरच्या बाजूला असेल तरी सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने धोपाव्याला उतरून येता येईल. मासे मी आणीन.

आपला,
रंगखात्यातला एक निवृत्त कामगार, दाभोळ खाडी
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)